जादू वापरणाऱ्या क्लासची तुलना कशी करावी : एका दिवसाचा हिशेब

जुळे सोलापुरातल्या एका घराच्या गच्चीवर आम्ही सहा जण दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. हा फासे टाकत, कथा रचत खेळायचा खेळ; त्यात प्रत्येक जण एक पात्र चालवतो आणि त्या पात्राचा प्रकार (विझर्ड, वॉरलॉक, क्लेरिक वगैरे) म्हणजे त्याचा क्लास. दोघे पुण्यात नोकरी करतात आणि शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येतात, त्यामुळे खेळाला मिळणारे चार तास ठरलेले असतात आणि त्या चार तासांत एक मोठी लढाई व्हावी, असा सगळ्यांचा आग्रह असतो. अशाच एका रविवारी वॉरलॉक खेळणारी मैत्रीण म्हणाली, “माझे दोन मंत्र संपले की मी एकच एक हल्ला करत बसते, याच्या वहीत मात्र अजून पानेच पाने शिल्लक असतात.” तिचे बोट विझर्ड खेळणाऱ्याकडे होते. त्यावर प्रत्येकाने एकेक उपाय सुचवला: वॉरलॉकला तिसरा स्लॉट (एक मंत्र टाकण्याची मुभा) द्या, विझर्डचा फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) कमी करा, क्लासच बदला. डीएम (खेळ चालवणारा आणि शत्रूंच्या बाजूने खेळणारा) म्हणून मी एवढेच म्हणालो की आधी मोजू आणि मग बदलू. ते मोजताना जी पद्धत हाती लागली, ती इथे पायरीपायरीने मांडतो आहे. हिशेबाचा निकाल मला स्वतःला अनपेक्षित होता.

पहिली पायरी : कोणती नियमावली आणि कोणती लेव्हल, हे आधी लिहून ठेवा

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ आणि २०२४ अशा दोन नियमावल्या आज टेबलांवर वापरात आहेत आणि त्यांतले जादूचे क्लास सारखे नाहीत. २०१४ मध्ये पाचव्या लेव्हलच्या (लेव्हल म्हणजे पात्राच्या प्रगतीचा टप्पा) सॉर्सररला सहा मंत्र येतात, तर २०२४ मध्ये तो नऊ मंत्र तयार ठेवू शकतो. २०२४ च्या वॉरलॉकला दिवसातून एकदा, एका मिनिटाच्या विधीने, निम्मे स्लॉट परत मिळवता येतात. २०१४ च्या वॉरलॉकला ही सोय नाही. दोघांची सरमिसळ करून काढलेला निष्कर्ष कोणत्याच टेबलला लागू पडत नाही. आमचे टेबल २०१४ चे आहे, म्हणून पुढचे सर्व आकडे त्या नियमांचे आहेत. ज्यांच्याकडे पुस्तक नाही त्यांच्यासाठी त्या नियमांचा मूलभूत संच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुला झाला आहे आणि हा हिशेब करायला बहुतांशी तो पुरतो.

लेव्हल मी पाचवी धरतो. मुख्य क्षमता १८, म्हणजे बोनस +४, प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +३, म्हणून हल्ल्याचा बोनस +७ आणि सेव्हचा डीसी (मंत्रातून वाचण्यासाठी शत्रूने फाशावर गाठायचा आकडा) १५. समोरचा शत्रू सर्वसाधारण धरायचा, म्हणजे एसी (त्याला फटका लागण्यासाठी गाठायचा आकडा) १५ आणि सेव्हचा बोनस +२. वीस बाजूंच्या फाशावर या शत्रूवर हल्ला ६५ टक्के वेळा लागतो आणि सेव्हचा मंत्र ६० टक्के वेळा पूर्ण बसतो. सर्व क्लास याच एका मापाने मोजायचे. एका क्लाससमोर ऑगर (दांडगा राक्षस) आणि दुसऱ्यासमोर गॉब्लिन (किरकोळ शत्रू) उभा केला, तर ती तुलना राहत नाही.

दुसरी पायरी : लढाईऐवजी दिवस मोजा

पाचव्या लेव्हलला विझर्ड, सॉर्सरर, क्लेरिक, ड्रुइड आणि बार्ड या पूर्ण जादूच्या पाचही क्लासना पहिल्या पातळीचे (ही मंत्राच्या ताकदीची पातळी, पात्राच्या लेव्हलपेक्षा वेगळी) ४, दुसऱ्या पातळीचे ३ आणि तिसऱ्या पातळीचे २ असे एकूण ९ स्लॉट असतात. पॅलाडिन आणि रेंजर यांना पहिल्याचे ४ आणि दुसऱ्याचे २, असे ६. वॉरलॉकला फक्त २. पण ते दोन्ही तिसऱ्या पातळीचे असतात आणि प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) परत मिळतात; बाकीच्यांचे लाँग रेस्टनंतर, म्हणजे पूर्ण झोपेनंतर.

२०१४ च्या नियमांमागचे गृहीत असे होते की एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी होतील आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट मिळतील. त्या हिशेबाने वॉरलॉकचे तिसऱ्या पातळीचे स्लॉट दिवसाला सहा होतात. विझर्ड आर्केन रिकव्हरी ही आपली खास सोय वापरून शॉर्ट रेस्टमध्ये तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट परत मिळवतो, म्हणून त्याचे तीन. सॉर्सरर आपले पाचही सॉर्सरी पॉइंट (त्याच्या क्लासला मिळणारे जादूचे जादा गुण) खर्चून तेवढाच एक स्लॉट तयार करतो, म्हणून त्याचेही तीन. क्लेरिकचे दोनच राहतात.

आमच्या गच्चीवर मात्र दर रविवारी एकच लढाई होत होती आणि लढाई संपली की पात्रे झोपत होती. शॉर्ट रेस्ट घ्यायची वेळ येतच नव्हती. त्यामुळे कागदावरचे वॉरलॉकचे सहा स्लॉट प्रत्यक्षात दोन झाले आणि विझर्डचे नऊच्या नऊ तसेच राहिले. म्हणून पुढचा प्रत्येक हिशेब दोनदा करायचा: एकदा सहा चकमकींच्या आणि प्रत्येकी चार फेऱ्यांच्या (एका फेरीत प्रत्येकाची एक पाळी), म्हणजे २४ फेऱ्यांच्या दिवसासाठी, आणि एकदा एका चकमकीच्या, म्हणजे ४ फेऱ्यांच्या दिवसासाठी.

तिसरी पायरी : डॅमेजचा हिशेब, आणि त्याची मर्यादा

फायरबॉल ८डी६ (सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज) डॅमेज करतो, म्हणजे सरासरी २८; सेव्ह यशस्वी झाला तर निम्मा, म्हणजे १४. आपल्या ठरलेल्या शत्रूसाठी हिशेब असा होतो: २८ च्या ६० टक्के म्हणजे १६.८ आणि १४ च्या ४० टक्के म्हणजे ५.६, एकूण २२.४. त्रिज्येला पाचाने भागून किती शत्रू सापडतील याचा अंदाज बांधावा, असे डीएमसाठीची नियमावली सुचवते. त्याने २० फूट त्रिज्येत चार येतात. मी तीनच धरतो, कारण आपले सोबती मध्ये उभे असतात. तिघांवर मिळून ६७.२.

स्लॉट न लागणाऱ्या कॅन्ट्रिपचा हिशेब तितकाच महत्त्वाचा आहे, कारण लांब दिवसात निम्म्याहून अधिक फेऱ्या कॅन्ट्रिपवरच निघतात. विझर्डचा फायर बोल्ट २डी१०, सरासरी ११. ६५ टक्क्यांनी ७.१५. क्लेरिकचा सेक्रेड फ्लेम २डी८, सरासरी ९. ६० टक्क्यांनी ५.४. वॉरलॉकच्या एल्ड्रिच ब्लास्टचे या लेव्हलला दोन किरण असतात आणि अगोनायझिंग ब्लास्ट ही किरणाच्या डॅमेजमध्ये क्षमतेचा बोनस मिळवणारी सोय घेतली असेल तर प्रत्येक किरणाला (१डी१० + ४) ९.५ सरासरी मिळते. दोन किरणांचे मिळून १२.३५. (क्रिटिकल हिट, म्हणजे फाशावर थेट २० पडल्यावरचे जादा मार, मी सर्वत्र वगळले आहेत. त्यांनी आकडे किंचित वाढतात, क्रम बदलत नाही.)

आता दिवस जुळवू. एका लढाईच्या दिवशी विझर्ड दोन फायरबॉल टाकतो, १३४.४, मग दुसऱ्या पातळीचे दोन स्कॉर्चिंग रे (आगीचे तीन-तीन किरण), प्रत्येकी १३.६५, म्हणजे २७.३, एकूण १६१.७. ज्याच्या पेट्रनकडून (जादू देणाऱ्या शक्तीकडून) फायरबॉल मिळतो असा वॉरलॉक तेच दोन फायरबॉल टाकतो, १३४.४, आणि उरलेल्या दोन फेऱ्यांत एल्ड्रिच ब्लास्टने २४.७ करतो; एकूण १५९.१.

हा आकडा मी तीनदा तपासला. चार फेऱ्यांच्या लढाईत वॉरलॉक मागे नव्हतीच. फरक तीन पॉइंटांपेक्षाही कमी होता. लांब दिवसाचा हिशेब तर उलटाच निघाला: सगळे स्लॉट हल्ल्यावर खर्च केले, तर २४ फेऱ्यांत विझर्ड साधारण ३८५ वर थांबतो आणि वॉरलॉक ६२५ पर्यंत जाते, कारण तिच्याकडे सहा फायरबॉल आणि वर अठरा फेऱ्यांचा अधिक चांगला कॅन्ट्रिप असतो. मग मैत्रिणीची तक्रार खोटी होती का? मुळीच नव्हती. तक्रार खरी होती आणि माझे माप अपुरे होते. विझर्डने त्या चार फेऱ्यांत चार स्लॉट वापरले, सकाळी मेज आर्मरसाठी (जादूच्या चिलखतासाठी) एक वापरला, आणि तरीही त्याच्याकडे चार शिल्लक होते. त्यातून तो शत्रूच्या पाळीत शील्ड टाकून आपला एसी पाचाने वाढवत होता आणि लढाईनंतर एखाद्या पहारेकऱ्यावर सजेशन (मन वळवणारा मंत्र) टाकून बंद दरवाजा उघडून घेत होता. या गोष्टी डॅमेजच्या रकान्यात येत नाहीत.

याच रकान्याचा आणखी एक दोष आहे. सात हिट पॉइंट (मार सोसण्याची शिल्लक) असलेल्या गॉब्लिनवर २८ चा फायरबॉल पडला की टेबलवर आरडाओरडा होतो, पण कामी आलेला डॅमेज सातच असतो. उरलेले एकवीस वाया गेलेले असतात. म्हणून वहीत फाशांवर पडलेला डॅमेज न लिहिता शत्रूचा प्रत्यक्ष कमी झालेला हिट पॉइंटच लिहावा. आमच्याकडे ही एक सवय लागल्यावर फायरबॉलबद्दलचे निम्मे वाद आपोआप थांबले.

चौथी पायरी : शत्रूच्या किती पाळ्या गेल्या, ते मोजा

क्लासच्या तुलनेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित हिशेब हा आहे. शत्रूला हालचाल करू न देणारा मंत्र काहीच डॅमेज करत नाही, पण शत्रूची पाळी हिरावून घेतो. त्या पाळीची किंमत काढता येते.

ऑगरचे उदाहरण घेऊ. त्याचे हिट पॉइंट ५९, हल्ला +६, सरासरी डॅमेज १३. एसी १६ असलेल्या सोबत्यावर त्याचा फटका ५५ टक्के वेळा लागतो, म्हणजे त्याच्या एका पाळीची किंमत ७.१५ हिट पॉइंट. असे तीन ऑगर समोर आहेत असे धरा. त्यांचा डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) सेव्ह −१ आहे, म्हणून फायरबॉल प्रत्येकाला सरासरी २४.५ डॅमेज करतो. हे त्यांच्या एकूण हिट पॉइंटांच्या साधारण ४१ टक्के आहे. म्हणजे तिघेही जखमी होतात आणि तिघेही पुढच्या पाळीत पूर्ण ताकदीने मारतात. त्याच तिसऱ्या पातळीच्या स्लॉटमधून हिप्नॉटिक पॅटर्न (शत्रूंना स्तब्ध करणारा मंत्र) टाकला तर सेव्ह विज्डमचा (विवेकाचा) असतो आणि ऑगरचा विज्डम −२ आहे, म्हणून प्रत्येक जण ८० टक्के वेळा स्तब्ध होतो. तिघांपैकी सरासरी २.४ जण लढाईतून बाहेर, म्हणजे पहिल्याच फेरीत सुमारे १७ हिट पॉइंटांचा मार वाचला. शिवाय आपले सगळे सोबती मिळून उरलेल्या एकावर तुटून पडू शकतात. स्तब्ध झालेल्याला मार लागला की तो शुद्धीवर येतो, हे मात्र सगळ्यांना आधीच सांगून ठेवावे लागते; आमच्याकडे एका उतावीळ बाणाने एक संपूर्ण स्लॉट वाया गेला आहे.

जिथे शत्रूला प्रत्येक पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह मिळतो, तिथे गणित थोडे वेगळे असते. होल्ड पर्सन (शत्रूला जागीच थिजवणारा मंत्र) ६० टक्के वेळा बसतो आणि दर वेळी ६० टक्के टिकतो, ०.६, ०.३६, ०.२१६ अशी बेरीज करत गेले की सरासरी दीड पाळी हाती लागते. दुसऱ्या पातळीच्या स्लॉटला दीड पाळी हा सौदा शत्रू बलाढ्य असेल तरच परवडतो. शिवाय तो मंत्र फक्त मानवसदृश प्राण्यांवर चालतो. ऑगर जायंट वर्गात मोडतो, त्यामुळे त्याच्यावर तो टाकताच येत नाही.

बरे करणारे मंत्रही याच रकान्यात लिहावेत. क्लेरिकचा हीलिंग वर्ड पहिल्या पातळीला सरासरी ६.५ हिट पॉइंट देतो आणि हा आकडा किरकोळ दिसतो. पण शून्यावर पडलेला सोबती त्याच्या पाळीआधी उठून उभा राहिला, तर त्या मंत्राने एक संपूर्ण पाळी परत मिळवली आणि तीही साठ फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या मुख्य कृतीखेरीज. या हिशेबाने क्लेरिक आमच्या टेबलवर सर्वांत वर आला. डॅमेजच्या रकान्यात तो सर्वांत खाली होता.

पाचवी पायरी : कॉन्सन्ट्रेशन किती टिकते

हिप्नॉटिक पॅटर्न, होल्ड पर्सन, हेस्ट (सोबत्याचा वेग वाढवणारा) हे सगळे मंत्र कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे टाकणाऱ्याचे लक्ष टिकेपर्यंतच चालतात. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह करावा लागतो. डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मा, यांपैकी जो मोठा असेल तो. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेला विझर्ड डीसी १० पुढे ६५ टक्के वेळा टिकतो. सॉर्सररला या सेव्हची प्रोफिशियन्सी असल्यामुळे तो ८० टक्के वेळा टिकतो. एका फटक्यात फरक पंधरा टक्क्यांचा वाटतो, पण लागोपाठ तीन फटके बसले तर विझर्डचा मंत्र २७ टक्के वेळा शिल्लक राहतो आणि सॉर्सररचा ५१ टक्के वेळा. सॉर्सररची ही बाजू तुलना करताना कोणी मोजत नाही, याचे मला वाईट वाटते. २०१४ चा सॉर्सरर दुबळा आहे असे म्हणणाऱ्यांनी निदान हा एक आकडा त्याच्या जमेला धरावा. तीन सॉर्सरी पॉइंट देऊन हेस्ट दोघांवर एकाच वेळी टाकणे त्यालाच जमते. कॉन्सन्ट्रेशन तुटले तर दोघांचीही एकेक पाळी जाते, म्हणून तिथे ही टिकाऊ बाजू दुप्पट मोलाची ठरते.

याच पायरीत पात्राचा एसी आणि हिट पॉइंट लिहून घ्यावेत. कॉन्स्टिट्यूशन १४ धरून पाचव्या लेव्हलला विझर्ड आणि सॉर्सररचे सरासरी ३२, क्लेरिक, ड्रुइड, बार्ड आणि वॉरलॉकचे ३८, पॅलाडिन आणि रेंजरचे ४४ हिट पॉइंट भरतात.

सहावी पायरी : निवडीची रुंदी

मैत्रिणीच्या तक्रारीचे मूळ इथे होते. पाचव्या लेव्हलला वॉरलॉकला सहा मंत्र येतात, सॉर्सररलाही सहा, बार्डला आठ. विझर्डच्या वहीत निदान चौदा असतात आणि त्यांतले नऊ तो रोज सकाळी तयार करतो. क्लेरिक संपूर्ण यादीतून नऊ निवडतो आणि डोमेनचे (त्याच्या देवतेच्या क्षेत्राचे) सहा त्याला वेगळे मिळतात, म्हणजे रोज पंधरा. उद्या हवे तर ते नऊ वेगळे.

शिवाय रिच्युअल आहेत. विझर्ड वहीत असलेला रिच्युअल मंत्र तयार न करता आणि स्लॉट न खर्चता, फक्त दहा मिनिटे जास्त देऊन टाकू शकतो. डिटेक्ट मॅजिक किंवा रात्रीच्या मुक्कामासाठी टायनी हट यांवर वाचलेला प्रत्येक स्लॉट त्याच्या जमेला मांडला पाहिजे. रुंदीला एकच आकडा लावता येत नाही. मी गेल्या पाच रविवारी लढाईबाहेर कोणत्या अडचणी आल्या त्यांची यादी केली आणि प्रत्येक क्लासपुढे ‘सोडवता आली असती’ किंवा ‘नसती’ एवढेच लिहिले. विझर्ड आणि बार्ड जवळजवळ सगळीकडे होते. वॉरलॉकच्या पुढे बऱ्याच ठिकाणी ‘आली असती, पण स्लॉट उरला नसता’ असे लिहावे लागले आणि तेच तिचे म्हणणे होते.

सातवी पायरी : हिशेब टेबलवर पडताळा

कागदी सरासरी नकाशावर टिकतेच असे नाही. सोलापूरकरांना नकाशा शोधायला लांब जावे लागत नाही: सिद्धेश्वर तलावाशेजारचा भुईकोट किल्ला डोळ्यांसमोर आणून मी चौकटीच्या कागदावर, एका चौकटीला पाच फूट धरून, तीन जागा आखल्या. एक तटाबाहेरचे मोकळे मैदान, दुसरी दहा फूट रुंदीचा दरवाजा आणि त्यामागचे वळण, तिसरी पाण्याकडची अरुंद वाट. मोकळ्या मैदानात फायरबॉलखाली खरोखरच तीन-चार शत्रू सापडले. दरवाजात दोनच सापडले आणि त्यांच्याशी आपला पॅलाडिन भिडलेला असल्याने दोनदा तो टाकताच आला नाही. एल्ड्रिच ब्लास्टला या कशानेही फरक पडला नाही.

पडताळताना तीन गोष्टी सांभाळा. फासे आधीच टाकून शंभर आकड्यांची यादी करून ठेवा आणि प्रत्येक क्लासची चाचणी त्याच यादीवरून घ्या, म्हणजे नशीब सर्वांना सारखे राहते. पात्रे खेळाडूंमध्ये फिरवा. आमच्यात विझर्ड खेळणारा मुळात सर्वांत तयारीचा खेळाडू होता आणि त्याच्या हाती वॉरलॉक दिल्यावर अंतर लगेच घटले. आणि एका लढाईवरून निकाल देऊ नका. फायरबॉलचा डॅमेज चारपैकी तीन वेळा २३ ते ३३ च्या दरम्यान राहतो, पण तीन शत्रूंचे सेव्ह मात्र एका रात्री सगळे यशस्वी आणि दुसऱ्या रात्री सगळे फसलेले निघू शकतात. प्रत्येक जागेवर किमान चार वेळा तरी लढाई खेळून पाहावी.

आठवी पायरी : दुरुस्ती, आणि तिचा क्रम

क्लासला हात लावण्याआधी दिवस दुरुस्त करा. आम्ही फक्त एवढे ठरवले की एक रविवार म्हणजे खेळातला एक दिवस नव्हे. लढाई संपली की पात्रांच्या पानावर उरलेले स्लॉट लिहून ठेवायचे आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरुवात करायची. दर रविवारच्या अखेरीस शॉर्ट रेस्ट, तिसऱ्या रविवारच्या अखेरीस लाँग रेस्ट. सुट्टीत पुण्याहून कोणी आले नाही तरी हा हिशेब बिघडत नाही. ज्यांच्या कथेत प्रवास लांबचा असतो त्यांच्यासाठी शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची करण्याचा पर्यायी नियम नियमावलीतच दिलेला आहे. या एका बदलानंतर विझर्ड दुसऱ्या रविवारी शील्ड टाकण्याआधी विचार करू लागला आणि वॉरलॉकला दर रविवारी दोन ताजे स्लॉट मिळू लागले.

दिवस दुरुस्त करूनही अंतर राहिले तर निवडीची रुंदी वाढवा, ताकद वाढवू नका. सॉर्सररला त्याच्या वंशाशी जुळणारा प्रत्येक पातळीचा एक मंत्र मी जास्तीचा दिला; त्याचे स्लॉट तेवढेच राहिले आणि लढाईचा तोल ढळला नाही. वॉरलॉकला तिसरा स्लॉट देण्याची सूचना मात्र मी नाकारली, कारण २४ फेऱ्यांच्या दिवसात तो तीन वेळा मिळून नऊ झाला असता आणि डॅमेजचा रकाना पूर्णपणे एका बाजूला कलला असता. डीएमने हा ‘नाही’ कारणासकट आणि आकडे दाखवून सांगावा. मैत्रिणीने वही पाहिली, दोन शंका विचारल्या आणि मान्य केले.

हा सगळा हिशेब दहाव्या लेव्हलला पुन्हा करावा लागतो, हे आत्ताच नोंदवून ठेवा. तोपर्यंत पूर्ण जादूच्या क्लासचे स्लॉट पंधरा झालेले असतात आणि वॉरलॉकचे अजूनही दोनच असतात, पाचव्या पातळीचे. तिसरा तिला अकराव्या लेव्हलला मिळतो. पाचव्या लेव्हलला तिच्या बाजूने दिसणारा डॅमेजचा आकडा तिथे तसाच राहील असे धरून चालू नये. आमची पात्रे सध्या सातव्या लेव्हलला आहेत आणि दहाव्यासाठीची कोरी पाने वहीत आखून ठेवली आहेत.